कामाचे स्वरूप: समज देणे

"माणूस पृथ्वीवर कायमचा राहायला आलेला नाही," डॉ. लघाटे म्हणाले आणि टेबलावर दोन्ही हात टेकून थांबले. "एक दिवस तो इथून निघेल. तेव्हा त्याची हाडं त्याला साथ देतील की नाही, या प्रश्नाचं उत्तर जगाला आपल्या या इमारतीतून मिळणार आहे."

संचालकांनी मान डोलावली. एप्रिल महिना, नागपूर, सकाळचे साडेदहा. सगळ्यांचे सदरे पाठीला चिकटले होते. कुणाला काही विचारायचं आहे का, असं लघाट्यांनी विचारलं. मी हात वर केला आणि म्हटलं, बारा उंदरांच्या शेपट्या कोण धुणार?

"तुम्ही," लघाटे म्हणाले.

आमचं वैर इथून सुरू झालं. मी तेव्हा त्या संस्थेच्या प्राणीगृहाचा प्रमुख होतो. प्रमुख म्हणजे, माझ्या हाताखाली एक अंजनाबाई मेश्राम आणि दोनशे उंदीर. पशुवैद्यकाची पदवी, वय चौतीस, आणि नोकरी पाच वर्षांपासून तात्पुरती. कायम करण्याची फाइल संचालकांच्या टेबलावर पोचली होती आणि जुलैत त्यावर सही होईल असं मला कार्यालयातून आतल्या गोटातली बातमी म्हणून सांगण्यात आलं होतं. कार्यालयात ही बातमी सगळ्यांनाच ठाऊक होती. घरी बायको, दोन मुली आणि क्वार्टरच्या मागच्या अंगणात चार कोंबड्या. कोंबड्यांचा उल्लेख आत्ताच करून ठेवतो, पुढं लागणार आहेत.

डॉ. यशवंत लघाटे मूळचे पुण्याचे. हाडांचे तज्ज्ञ. परदेशात सहा वर्षं काढून ते नागपूरला आले होते, आणि मधल्याच स्टेशनावर चुकून उतरलेल्या माणसासारखे ते रोज संस्थेत वावरत. रागावले की खिशातून चाव्यांचा जुडगा काढून हलवत. भला मोठा जुडगा, पंधरा-वीस चाव्यांचा. एवढी कुलपं त्यांनी कुठं लावली होती, हे कुणालाच माहीत नव्हतं.

प्रयोग काय होता ते सांगतो, म्हणजे पुढचं भांडण समजेल. अंतराळात माणसाच्या पायांवर भार पडत नाही. भार नसला की पायांची हाडं विरळ होतात, स्नायू उतरतात. हे नागपुरात बसून तपासायचं तर नागपुरातून वर कुणाला पाठवता येत नाही. म्हणून उंदराच्या शेपटीला पट्टी चिकटवायची आणि ती पिंजऱ्याच्या छताला अशी टांगायची, की मागचे पाय जमिनीला लागणार नाहीत. पुढचे दोन पाय टेकलेले. उंदीर त्या दोन पायांवर सगळ्या पिंजऱ्यात हिंडू शकतो, खातो, पितो. तीन आठवड्यांत त्याच्या मागच्या पायांची हाडं अंतराळवीरासारखी होतात. असे बारा उंदीर टांगायचे आणि दुसरे बारा तसल्याच पिंजऱ्यांत चारही पायांवर उभे ठेवायचे, तुलनेसाठी. टांगलेल्यांची हाडं विरळ झाली पाहिजेत. उभ्यांना काहीही होता कामा नये. सगळं गणित या दुसऱ्या वाक्यावर उभं असतं.

पट्टी चिकटायची तर शेपटी स्वच्छ हवी. मी बारा शेपट्या धुतल्या. लघाटे मागं उभं राहून बघत होते. सहाव्या शेपटीला ते म्हणाले की परदेशात हे काम प्रशिक्षित माणसं करतात. मी म्हटलं, तिथले उंदीरही प्रशिक्षित असतील.

पहिलं खरं भांडण त्यांच्या खोलीत झालं आणि ते फसलं. मे महिन्यात नागपुरात कूलरशिवाय खोलीत बसता येत नाही, आणि कूलर चालू असताना भांडता येत नाही. ते मला ढोर डॉक्टर म्हणाले. मला ऐकू आलं नाही, म्हणून त्यांना ते तीनदा म्हणावं लागलं. तिसऱ्यांदा त्यात काही जोर उरला नव्हता. मी उत्तर दिलं की मी बऱ्याच म्हशी तपासल्यात, पण तपासण्याआधी भाषण एकीनंही केलं नव्हतं. यावर ते "काय?" म्हणाले. असं वाक्य पुन्हा उच्चारलं की त्याचं मातेरं होतं. मी खोलीबाहेर आलो.

साऱ्या इमारतीत थंड, शांत आणि दार घट्ट लागणारी एकच जागा होती. उंदरांची खोली. आत वातानुकूलन, तेवीस अंश, दाराला रबर. आतलं बाहेर अजिबात ऐकू जात नाही. दुसऱ्या भांडणापासून आम्ही तिथं जाऊ लागलो. ठरवून नव्हे. दोघांचंही तिथं काम असायचंच, आणि दुसरा आत आहे हे कळलं की आपलंही काम निघायचं.

आता रजिस्टर. खोलीच्या बाहेर एक छोटी पडवीवजा खोली होती, तिथं बूट बदलायचे, कोट चढवायचा आणि रजिस्टरात लिहायचं: नाव, आत जाण्याची वेळ, बाहेर येण्याची वेळ, कामाचे स्वरूप. हा नियम मीच काढला होता आणि संचालकांनाही त्यातून सोडलं नव्हतं. लघाट्यांचा एक गुण मला शत्रू असूनही मान्य करावा लागतो: नोंदीत ते खोटं लिहीत नसत. चार मेच्या सकाळी बाहेर पडताना त्यांनी पेन उचललं, मिनिटभर विचार केला आणि कामाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, "डॉ. धोटे यांना समज देणे." मी त्यांच्या खालच्या ओळीत लिहिलं, "डॉ. लघाटे यांचा गैरसमज दूर करणे." मीही खोटं लिहीत नसे.

सहा मेला त्यांनी लिहिलं, "समज देणे (उर्वरित)." आठ मेला मी लिहिलं, "निषेध."

विषय दर वेळी नवा असायचा. टांगलेल्या उंदरांचा कोन तीस अंश आहे की अठ्ठावीस, हे ते कंपासपेटीतला कोनमापक लावून बघत. एकाचं मागचं नख जमिनीला लागतंय असं मी म्हणे. पुण्याच्या उंदरांना कोणतं खाद्य देतात, हे ते सांगत. हे पुण्याचे उंदीर नाहीत, असं मी सांगे. ते चाव्या हलवत, मी स्टीलच्या ट्रॉलीवर हाताचा पंजा आपटत असे. पाऊण तास कसा जायचा कळायचं नाही. बाहेर पडलं की उन्हाचा चटका बसायचा आणि माणूस ताजातवाना व्हायचा.

पहिल्या आठवड्यातच अंजनाबाईनं मला थांबवून सांगितलं होतं. पन्नाशीची बाई, वीस वर्षं उंदरांत काढलेली. रोज सकाळी खाद्य घालायची आणि आदल्या दिवशीचं उरलेलं मोजायची, मी ते तक्त्यात लिहायचो.

"साहेब, हे जेवून नाई राहिले. टांगलेले जेवत नाईत ते मी समजू शकतो. हे जे उभे हायेत, यायले काय झालं?"

मी म्हटलं, उन्हाळा आहे.

तिनं भिंतीवरच्या तापमापकाकडं पाहिलं. तेवीस अंश. मग माझ्याकडं पाहिलं आणि पिंजरे पुसायला लागली.

एकविसाव्या दिवशी चोवीसही उंदरांना भूल देऊन क्ष-किरण काढले. दुसऱ्या दिवशी लघाटे आकडे घेऊन थेट संचालकांकडं गेले. टांगलेल्यांची हाडं विरळ झाली होती. उभ्यांचीही झाली होती. वजनंही सगळ्यांचीच उतरलेली. म्हणजे प्रयोग मातीत गेला होता, आणि चार पायांवर उभ्या असलेल्या, काहीही न केलेल्या उंदरांची हाडं झिजायला लघाट्यांच्या मते एकच कारण असू शकत होतं. त्यांनी ते लेखी दिलं, सात जणांना प्रती पाठवल्या.

ती प्रत मी अजून जपून ठेवली आहे. त्यात लिहिलं होतं की प्राणीगृहाच्या प्रमुखांनी उंदरांना उपाशी ठेवलं असून खाद्याच्या नोंदी बनावट असाव्यात. शेवटचा परिच्छेद असा: "डॉ. धोटे यांच्या निवासस्थानी चार कोंबड्या असून त्यांची प्रकृती उत्तम असल्याचे अधोस्वाक्षरीकर्त्याने स्वतः पाहिले आहे."

ते माझ्या क्वार्टरमागं जाऊन माझ्या कोंबड्या बघून आले होते. बायकोनं हे वाचलं आणि त्याच दिवशी चारही कोंबड्या शेजारी देऊन टाकल्या. त्यानं प्रकरण आणखी बिघडलं, कारण आता मी पुरावा नष्ट केल्यासारखं दिसत होतं. संचालकांनी मला बोलावून घेतलं आणि फार सौम्यपणे सांगितलं की फाइल तूर्त थांबवतोय. ठपका आला तर कायम होणं सोडाच, आहे तेही जाईल. जनावरं उपाशी ठेवणाऱ्या पशुवैद्याला पुढं कुणी दारात उभं करत नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मला माहीत होतं.

चौकशीला बाहेरच्या एकच सदस्य आल्या, डॉ. सुमन हिवरेकर. पशुवैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या, बुटक्या, डोळ्यांवर जाड भिंगं. त्यांनी चहा नको म्हटलं, संचालकांची खोली नको म्हटलं आणि त्या बूट बदलायच्या पडवीत एका स्टुलावर जाऊन बसल्या. वजनांचे तक्ते मागवले, उरलेल्या खाद्याचे तक्ते मागवले. मग दाराजवळ टांगलेलं रजिस्टर त्यांना दिसलं. तेही त्यांनी मांडीवर घेतलं.

दीड तास त्या वाचत होत्या. सोबत आणलेली लाकडी पट्टी एका कागदावर ठेवत, मग दुसऱ्या. आम्ही दोघं भिंतीला पाठ लावून उभे होतो, मधे अंजनाबाई. लघाट्यांनी दोनदा बोलायला तोंड उघडलं. बाईंनी मान वर न करता पट्टी उचलली.

शेवटी त्यांनी अंजनाबाईला विचारलं, खाणं कोण घालतं? ती म्हणाली, मी. उरलेलं कोण मोजतं? मीच, साहेब निस्ते लिवतात.

"बनावट लिहितात," लघाटे म्हणाले.

"मग फार हुशारीनं लिहितात," हिवरेकरबाई म्हणाल्या. "कारण चारला खाणं घातलंय तेवढंच, पण पाचला सकाळी निम्मं तसंच उरलंय. सातला पुन्हा तेच. नऊला त्याहून जास्त. आणि तेराच्या आणि चौदाच्या सकाळी काहीच उरलेलं नाही, उंदरांनी ताट पुसून खाल्लंय. बाराला आणि तेराला काय झालं होतं?"

लघाटे म्हणाले, "मी पुण्याला होतो."

मला त्या क्षणी जो आनंद झाला तो नंतर फाइलवर सही झाली तेव्हाही झाला नाही. मी लघाट्यांकडं पाहिलं. मी एक शब्दही बोललो नाही, पण बरंच बोललो.

"चौदालाही हे पुण्यातच होते," बाई म्हणाल्या. "तरी पंधराला खाणं उरलंय. धोटे, चौदाची नोंद तुमच्या अक्षरात आहे. वाचू?"

मी म्हटलं, नको. त्यांनी वाचली.

"आत, अकरा वाजून पाच. बाहेर, अकरा चाळीस. कामाचे स्वरूप: डॉ. लघाटे परत आल्यावर मांडावयाच्या मुद्द्यांचा सराव." भिंगांवरून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "सराव मोठ्यानं केला होता?"

मी म्हटलं, मध्यम आवाजात.

"ट्रॉली ठोकून राहिले होते, मॅडम," अंजनाबाई म्हणाली. "दार घट्ट होतं तरी मले बोळीत आयकू आलं."

हिवरेकरबाई उठल्या. आम्हाला सगळ्यांना आत नेलं. उंदीर त्या वेळी खात होते. बारा टांगलेले, बारा उभे, सगळीकडं ती बारीक कुरतडण्याची कुरकुर चालली होती. बाईंनी लघाट्यांना खिशातल्या चाव्या काढून नेहमीसारख्या वाजवायला सांगितलं. लघाटे म्हणाले, हा काय पोरकटपणा आहे. बाईंनी हात पुढं केला, जुडगा घेतला आणि स्वतःच एकदा हलवला.

कुरकुर थांबली. चोवीस उंदीर जागच्या जागी गोठले. समोरच्या पिंजऱ्यातल्या एकाच्या पुढच्या पायांतून खाण्याची वडी खाली पडली आणि त्यानं ती पुन्हा उचलली नाही. बाईंनी घड्याळ बघितलं. आम्हीही बघितलं. बराच वेळ गेला तरी एकानंही तोंड हलवलं नाही. मग त्यांनी मला ट्रॉलीकडं बोट केलं. मी हात आपटला नाही. गरज नव्हती.

बाहेर येऊन त्यांनी दार लावलं. उंदराला चाव्यांचा आवाज आपल्याला येतो त्याहून कितीतरी तीक्ष्ण ऐकू येतो, त्या सांगत होत्या, आणि हाडाच्या तज्ज्ञाला हे माहीत नसेल तर ठीक, पशुवैद्याला माहीत असायला हवं. मी मान खाली घातली. मला माहीत होतं. भांडताना आठवलं नव्हतं.

"यांना उपाशी कुणीही ठेवलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघांनी त्यांचं जेवण बंद पाडलंत. धाकानं अन्न जात नाही, आणि तीन आठवडे असा धाक राहिला की हाडंही जातात. बारा उंदरांना तुम्ही दोरी बांधून अंतराळात पाठवलंत. उरलेल्या बारांना नुसतं बोलून."

मी सुटलो असं मला वाटलं. लघाटे म्हणाले, हा तर्क आहे. बाई म्हणाल्या, अगदी बरोबर, तर्कच आहे. म्हणून नवे चोवीस उंदीर घ्या. पुन्हा तीन आठवडे. रोजचं वजन तुम्ही दोघांनीच करायचं, एकानं उंदीर धरायचा, दुसऱ्यानं आकडा लिहायचा. आत ओठ उघडायचे नाहीत. चाव्या दारात अंजनाबाईकडं. या वेळी उभे उंदीर नीट वाढले तर कागद फाडून टाकू. "आणि याही वेळी उतरले," त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तर धोटे, मला तुमचं नाव लिहावं लागेल."

मी आयुष्यात बरीच भांडणं पाहिली, त्या तीन आठवड्यांइतकं कडू एकही नाही. बोलून भांडताना निदान मधे श्वास घ्यावा लागतो. लघाटे तक्ता माझ्यासमोर मुद्दाम उलटा धरत, म्हणजे मला मान वाकडी करून आकडा तपासावा लागे. मी नुकताच मुतून ओला झालेला उंदीर हेरून नेमका तोच त्यांच्या हातात देई. ते माझ्याकडं न बघता रुमालानं एकेक बोट पुसत. कोन मोजायला आले की कोनमापक माझ्या नाकापाशी नेऊन मग उंदरापाशी नेत. मी रात्री अंथरुणावर दिवसभराची उत्तरं पाठ करायचो, मनातल्या मनात, ओठ मिटून. सराव आता असाच करावा लागत होता.

अंजनाबाईनं चाव्यांसाठी जुन्या लुगड्याची जाड पिशवी शिवली होती. लघाटे रोज सकाळी त्या पिशवीत जुडगा असा सोडत, की जणू मीच तो जप्त करतोय. रजिस्टरात आता दोघांचीही एकच नोंद पडे: "वजन." आठव्या दिवशी मी खाद्याच्या कोठीतल्या काट्यावर उभा राहिलो. दोन किलो उतरलो होतो. लघाट्यांच्या पट्ट्याला नवं भोक पडलेलं मी पाहिलं. उभे बारा उंदीर मात्र रोज वाढत होते. कुरतडण्याचा आवाज खोलीभर असायचा आणि आम्ही दोघं त्या आवाजात, दात आवळून, एकमेकांना उंदीर देत होतो.

बाविसाव्या दिवशी हिवरेकरबाई आल्या. पडवीत, त्याच स्टुलावर बसून त्यांनी आकडे पट्टीनं वाचले. टांगलेल्यांच्या मागच्या पायांची हाडं पुस्तकात लिहिल्याइतकी विरळ. उभे ठणठणीत. त्यांनी जुना तक्रारअर्ज मागवला, उभा-आडवा फाडला, केराच्या टोपलीत टाकला आणि एका कोऱ्या कागदावर लिहिलं की डॉ. धोटे यांच्यावर कोणताही ठपका नाही. सही केली. कागद माझ्या हातात दिला, लघाट्यांकडं एकदा पाहिलं आणि चपला घालून निघून गेल्या.

आम्ही दोघंच उरलो. अंजनाबाई खाद्याची परात घेऊन आत चालली होती, तिनं खांद्यानं दार ढकलून उघडं धरलं होतं. परात सावरत तिनं दुसऱ्या हातातली पिशवी लघाट्यांकडं केली.

त्यांनी माफी मागितली तर काय बोलायचं, याची चार वाक्यं माझी तयार होती. पहिलं बरंच सभ्य होतं, चौथं त्यांच्या घराण्यापर्यंत जात होतं. कोंबड्यांवर एक स्वतंत्र होतं. लघाट्यांनी पिशवी घेतली, तीत हात घातला, आणि पिशवीचं तोंड अरुंद असल्यामुळं जुडगा त्यांच्या बोटांतून सुटला.

तो फरशीवर एकदा वाजला. दुसऱ्यांदा वाजण्याआधी माझा बूट त्यावर पडला होता. कधी उचलला, कधी टेकवला, मला कळलंही नाही. दार उघडं होतं. आतली कुरकुर थांबली होती.

आम्ही दोघं हललो नाही. अंजनाबाई उंबऱ्यात परात धरून तशीच उभी. लघाट्यांनी श्वास रोखला होता, मीही. मग आत कुठंतरी एकानं कुरतडायला सुरुवात केली, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी. अंजनाबाई आत गेली आणि तिच्या मागं दार हळूच लागलं.

लघाट्यांनी माझ्याकडं पाहिलं. प्रयोगाच्या बेचाळीस दिवसांत पहिल्यांदा नीट, सरळ. त्यांचा चेहरा लाल झाला होता, ओठ दोनदा हलले आणि मिटले. एवढा मोठा माणूस शब्द शोधताना मी कधी पाहिला नव्हता. मी चारही वाक्यं मनात एका ओळीत उभी केली. आता दार बंद होतं, बोलायला मनाई नव्हती. तरी ते पुढं वाकून, अगदी माझ्या कानाशी येऊन कुजबुजले,

"धोटे, जरा पाय उचलता का?"